गड चढून नाही, उतरून मांड्या भरतात

प्रश्न थोडक्यात असा. चौतिशीतले, आयटीत काम करणारे एक गृहस्थ रविवारी गुंजवण्याच्या वाटेने राजगड करून आले. चढताना धाप लागली, पण पाय ठणठणीत होते. सोमवारी जरा जड वाटलं. मंगळवारी मात्र ऑफिसचा जिना उतरता येईना, कमोडवर बसायचं तर भिंत धरावी लागली. मित्राचं निदान तयार होतं: लॅक्टिक ॲसिड साचलंय, लिंबूपाणी पी आणि कुणाकडून तरी जोरात रगडून घे. आता त्यांना विचारायचंय की स्नायूच्या पेशीत नेमकं होतं काय, काही कायमचं फाटलं तर नाही ना, आणि पुढच्या महिन्यात 61 वर्षांच्या आईला घेऊन रायगडाला जायचं आहे तर तयारी काय करावी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात प्रॅक्टिस असल्यामुळे पावसाळ्यातले सोमवार-मंगळवार माझ्याकडे असेच पेशंट असतात. जिन्यावरून आडवं, खेकड्यासारखं उतरत येणारा माणूस दिसला की मी विचारतो, "कोणता गड?"

आधी लॅक्टिक ॲसिडचा निकाल लावू. कडक चढावर स्नायूत लॅक्टेट वाढतं हे खरं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं. तुमच्या मांड्या दुखायला लागल्या दुसऱ्या दिवशी आणि कळस गाठला तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत रविवारच्या लॅक्टेटचा मागमूसही उरलेला नसतो. शिवाय ते विष नाही, इंधन आहे. हृदयाचा स्नायू ते आनंदाने जाळतो. दवाखान्यात सलाइन म्हणून जी आरएलची बाटली लावतात ना, त्यातला 'एल' म्हणजे लॅक्टेटच. दुखण्याचं कारण तेच असतं तर प्रत्येक ॲडमिट पेशंट दुसऱ्या दिवशी ट्रेकरसारखा चालला असता. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही पेशंटना हेच लॅक्टिक ॲसिड सांगत होतो, कारण मलाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं.

खरं कारण बघायला प्रयोगशाळा लागत नाही, सिंहगड पुरतो. पायी चढून, वर भजी-दही खाऊन जीपने खाली येणारे लोक सोमवारी मजेत असतात. जीपने वर जाऊन पायी उतरणारे लंगडतात. घरी करून बघायचं असेल तर एक भक्कम पाट किंवा जिन्याची पायरी घ्या. दहा मिनिटं फक्त उजव्या पायाने वर चढा आणि खाली येताना सगळा भार सावकाश उजव्यावर पेलत डावा पाय जमिनीला टेकवा. नाही, थांबा, असं केलं तर दोन्ही कामं उजवाच करेल. चढताना डाव्याने ढकला, उतरताना उजव्याने पेला. त्या वेळी दमेल डावा. दोन दिवसांनी दुखेल उजवा.

हे का, ते कळायला पेशीच्या आत जावं लागेल.

मटणाचा नीट शिजलेला तुकडा बोटांनी सोडवला की धागे सुटतात. ते धागे म्हणजे पेशी नव्हेत, पेशींच्या जुड्या. एकेक पेशी, म्हणजे स्नायुतंतू, केसाइतकी किंवा त्याहून बारीक असते. जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजायची, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. एवढी लांबलचक पेशी एकट्या केंद्रकाच्या ताब्यात राहणं अवघड, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं असतात, सगळी कडेला, आवरणालगत सारलेली. गर्भात अनेक छोट्या पेशी एकमेकींत विरघळून ही एक लांब पेशी तयार होते. मधली जागा कामगारांसाठी मोकळी ठेवलेली.

हे कामगार म्हणजे पेशीत उभे ठासून भरलेले आणखी बारीक दोरे, प्रत्येकाची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर. आणि प्रत्येक दोरा म्हणजे एकाला एक जोडलेल्या डब्यांची आगगाडी. या एका डब्याला म्हणतात सार्कोमियर. आरामात असताना त्याची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर. मांडीच्या पुढच्या स्नायूतला एखादा तंतू दहा सेंटिमीटरचा धरला, तर एका दोऱ्यात साधारण 40,000 डबे झाले. प्रत्येक डबा अगदी किंचित आखडतो, पण 40,000 जण एकदम आखडले की गुडघा सरळ होतो.

डब्याच्या आत काय आहे? दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरून अर्धी एकमेकांत सरकवा. डब्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींपासून, ज्यांना झेड रेषा म्हणतात, आत येणारे पातळ तंतू ॲक्टिनचे. मध्ये तरंगणारे जाड तंतू मायोसिनचे. स्नायू आखडताना यातला कुठलाच तंतू आखूड होत नाही, ते फक्त एकमेकांवरून सरकतात. आज शाळेच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट 1954 मध्ये कळली, आणि तीही 'नेचर'च्या एकाच अंकात लागोपाठ दोन गटांकडून: एकीकडे ॲन्ड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्के, दुसरीकडे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नाही. परीक्षेत यावर हमखास घोळ होतो.

मायोसिनच्या तंतूला बाजूने शेकडो छोटी डोकी असतात. डोकं ॲक्टिनला पकडतं, मान वाकवून दहाएक नॅनोमीटर ओढतं, सोडतं, पुढची जागा पकडतं. विहिरीतून दोर ओढताना हाताखाली हात घेतो तसं. प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू लागतो, आणि गंमत म्हणजे तो रेणू येऊन चिकटला तरच पकड सुटते. म्हणजे धरून ठेवायला ऊर्जा लागत नाही, सोडायला लागते. माणूस गेल्यावर काही तासांत प्रेत ताठ होतं ते याचमुळे: एटीपी संपतं, सगळी डोकी पकडलेल्या जागीच अडकतात. दीड-दोन दिवसांनी प्रथिनंच विघटित व्हायला लागली की ताठपणा जातो.

ओढायला कधी सुरुवात करायची हे कॅल्शियम ठरवतं. आराम चालू असताना पेशीच्या द्रवात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा दहा हजार पटींहून कमी. ते आतल्याच एका जाळीदार पिशवीत कोंडून ठेवलेलं असतं. मज्जातंतूकडून हुकूम आला की पेशीच्या आवरणातून आत शिरलेल्या नळ्यांमधून विजेची लाट खोलवर जाते, पिशवीची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर येतं आणि ॲक्टिनवरचं झाकण सरकवतं. मग डोक्यांना पकडायला जागा मिळते. काम झालं की पंप पुन्हा कॅल्शियम आत भरतात, आणि त्यालाही एटीपी लागतं. स्नायूचा कॅल्शियमशी काही संबंध आहे हे पहिल्यांदा कळलं ते मात्र अपघाताने. 1880 च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत होते. ते चांगलं चाललं, कारण मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाचं पाणी वापरलं होतं आणि त्यात कॅल्शियम होतं. शुद्ध पाणी घेतल्यावर हृदय थांबलं. आरएलमधला 'आर' तो हाच रिंगर.

आता गड उतरू.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, शरीराला वर ढकलतो. उतरताना? पाय खालच्या पायरीवर टेकतो, गुडघा वाकत जातो, आणि तो एकदम दुमडू नये म्हणून तोच स्नायू ताण धरून ठेवत लांबत जातो. ब्रेक लावल्यासारखा. आमच्या भाषेत याला एक्सेंट्रिक म्हणतात. विहिरीवर ज्यांनी पाणी शेंदलंय त्यांना हे एका वाक्यात कळेल: भरलेली कळशी वर ओढताना दंड दमतात, पण भरलेली कळशी दोराने खाली सोडताना तळहात सोलतात. मायोसिनच्या डोक्यांचं तेच होतं. पकडलंय, आणि पकडीतला दोर उलट दिशेला खेचला जातोय.

फसवणूक अशी की हे काम सोपं वाटतं. 1952 मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने तेच पेडल उलट येताना रोखून धरायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला लागलेला ऑक्सिजन कित्येक पटींनी कमी निघाला. उतरताना तुम्हाला धाप लागली नाही, गप्पा मारत आलात, त्याचं कारण हेच. स्वस्तात काम होतं म्हणून मेंदू कमी स्नायुतंतू कामाला लावतो. तंतू कमी, भार तेवढाच किंवा पाऊल आदळल्यावर जास्तच, म्हणजे प्रत्येक तंतूच्या वाट्याला आलेला ताण चढापेक्षा मोठा. बिल तेव्हा दिसत नाही. मंगळवारी येतं.

आणि 40,000 डब्यांच्या गाडीत सगळे डबे सारख्या ताकदीचे नसतात. लांबत जाताना जो कमजोर तो आधी ताणला जातो, त्याचे जाड-पातळ तंतू एकमेकांवरून जवळजवळ निसटतात, मग त्याची ताकद आणखी घटते आणि तो आणखी ताणला जातो. त्या डब्यात टायटिन नावाचं एक अवाढव्य प्रथिन स्प्रिंगसारखं बसलेलं असतं, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं. ते बहुतेकांना परत जागेवर आणतं. पण हजारो पायऱ्यांनंतर काही डबे रुळावर येत नाहीत. जिने उतरून आलेल्या लोकांच्या स्नायूचे सुईने काढलेले तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले तेव्हा झेड रेषा सरळ न दिसता ओल्या शाईवर बोट फिरवावं तशा फरफटलेल्या दिसल्या.

यात जास्त मार खातात वेगवान तंतू. स्नायूतल्या पेशी दोन मुख्य जातींच्या: सावकाश काम करणाऱ्या, न दमणाऱ्या, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया आणि ऑक्सिजन साठवणाऱ्या मायोग्लोबिनने लाल, आणि झटकन जोर लावणाऱ्या, लवकर दमणाऱ्या, फिकट. बांगड्याचा तुकडा ताटात उलटा केला की कातडीलगत जी तपकिरी पट्टी दिसते ती पहिल्या जातीची, दिवसभर पोहण्यासाठी. बाकीचं फिकट मांस जीव वाचवून पळण्यासाठी. माणसात ही विभागणी अशी वेगळी काढता येत नाही, एकाच स्नायूत दोन्ही मिसळलेल्या असतात. मांडीच्या पुढच्या स्नायूत साधारण निम्म्या-निम्म्या, पोटरीच्या आतल्या सोलियसमध्ये मात्र सावकाश जात कितीतरी जास्त, कारण आपण उभे असतो तेव्हा तो बिचारा अखंड ड्युटीवर असतो.

मग दुखायला एवढा उशीर का? कारण दुखण्याची जाणीव देणारी टोकं पेशीच्या आत नाहीत, पेशींच्या भोवतालच्या आवरणात आहेत. डबे घसरले त्या क्षणी त्यांना पत्ताच नसतो. पुढच्या काही तासांत फाटक्या जागांतून कॅल्शियम आत झिरपतं, मोडतोड झालेली प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात, मग पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात, सूज चढते, आणि त्या सगळ्या रसायनांनी मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. इतकी हळवी की नुसतं दाबलं तरी कळ येते. हे सगळं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं आणि पाच-सात दिवसांत निवतं. याला आमच्यात सगळे डॉम्स म्हणतात.

आता "कायमचं फाटलं का?" तर नाही. डागडुजी सुरू झालेलीच आहे. स्नायुतंतूच्या आवरणाला बाहेरून चिकटून काही छोट्या पेशी निजलेल्या असतात. 1961 मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा दाखवल्या आणि उपग्रहासारख्या कडेला असतात म्हणून त्यांचं नाव सॅटेलाइट सेल पडलं. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत विलीन होऊन आपली केंद्रकं त्याला देतात. व्यायामाने पेशींची संख्या फारशी वाढत नाही, आहे ती पेशी जाड होते, तिच्यात दोरे वाढतात. हृदयाच्या स्नायूला अशी राखीव फौज नाही. तिथल्या पेशी वर्षाला जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी बदलतात, म्हणून झटक्यानंतर तिथे स्नायू परत येत नाही, व्रण येतो. मांडीचं नशीब चांगलं.

आणि मांडी धडा शिकते. एकदा नीट उतरून दुखून बरे झालात की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा दुखवत नाही. सराव होतो तो फक्त दमाचा नाही, त्या डब्यांचाही.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण आईवडिलांनी हे वाचावं असं वाटतं. पेशीच्या आतल्या दोऱ्यांना बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन आहे. ड्युशेन नावाच्या आजारात, जो जवळपास फक्त मुलांना म्हणजे मुलग्यांना होतो, ते तयारच होत नाही. मग प्रत्येक लांबत्या कामाला आवरण फाटतं आणि डागडुजी पुरी पडत नाही. तीन-चार-पाच वर्षांचा मुलगा सारखा पडतोय, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या टणक दिसताहेत, आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढतोय असं दिसलं, तर "आळशी आहे" म्हणून सोडू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अशा मुलांना आम्ही जिने उतरण्याचे, उड्या मारण्याचे व्यायाम देत नाही, ते याच कारणाने.

परत तुमच्याकडे. आज काय कराल? हलते राहा. सपाटीवर 15-20 मिनिटं चाला, सायकल असेल तर हलकं पेडल मारा. दुखणं त्याने तेवढ्यापुरतं कमी होतं. शेक आवडत असेल तर घ्या. लिंबूपाणी प्या, तहान भागेल, मांडीचा त्याच्याशी संबंध नाही. आधी किंवा नंतर स्ट्रेचिंग केल्याने हे दुखणं टळत नाही, फरक पडतो तो नगण्य. आणि ते जोरात रगडणं दोन-तीन दिवस तरी नको. ज्या पेशींची आवरणं आधीच सैल झालीत त्या चेपून काय मिळवणार? हलका हात चालेल. वेदनाशामक गोळी ट्रेकहून आल्या आल्या, पोटात पाणी नसताना घेऊ नका. अशा वेळी ती मूत्रपिंडाला त्रास देते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. काही वर्षांपूर्वी एक विशीतला मुलगा आला. जिमच्या पहिल्याच दिवशी ट्रेनरने त्याच्याकडून शेकड्याने बैठका काढून घेतल्या होत्या. मांड्या टरटरून सुजलेल्या, आणि सहज बोलता बोलता म्हणाला, "लघवी कोऱ्या चहासारखी होतेय." मी मशीनला हातही लावला नाही, त्याला रिक्षात बसवून हॉस्पिटलला पाठवलं. इतक्या पेशी एकदम फुटल्या की त्यांतलं लाल मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबवतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांत मूत्रपिंड बंद पडून दगावत होती. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी 1941 मध्ये हीच साखळी नोंदवली. तो मुलगा सलाइनवर वाचला. तेव्हा गडद लघवी, वाढत जाणारी सूज, पाय उचलण्याइतकी ताकद नसणं, किंवा एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, यातलं काही असेल तर फिजिओकडे नको, थेट डॉक्टरकडे जा.

उलट बाजूही सांगतो. ट्रेकनंतर तीन-चार दिवसांत कंपनीचं फुल बॉडी चेकअप करू नका. स्नायूतून गळालेलं सीपीके नावाचं विकर 200 च्या आसपास असायचं ते हजारांत जातं, आणि एसजीओटी, एसजीपीटीही वाढलेले दिसतात, कारण ती विकरं फक्त यकृतात नाहीत, स्नायूतही आहेत. दारूच्या थेंबाला न शिवलेली माणसं लिव्हर खराब झालं म्हणून रडवेली होऊन आलेली मी पाहिली आहेत. रिपोर्ट काढायचाच तर आठ-दहा दिवस थांबा आणि डॉक्टरांना गड सांगा.

रायगडासाठी तयारी म्हणून लोक चढायचा सराव करतात. तुम्ही उतरायचा करा. सोसायटीत लिफ्टने वर जा आणि जिना उतरा, शेजारी हसले तर हसू द्या. हे दुखणं गेल्यावर आठवड्यातून दोनदा, पहिल्या वेळी चार-पाच मजले, मग दर आठवड्याला थोडे वाढवत. पाऊल आदळायचं नाही, गुडघा सावकाश वाकू द्यायचा. गडावर पावलं छोटी टाका, काठी घ्या, आणि शेवटच्या टप्प्यात घाई करू नका, कारण दमलेला स्नायू ब्रेक उशिरा लावतो.

आईंनी याच पद्धतीने एक-दोन मजल्यांपासून सुरुवात करावी, कठडा धरून. वयानुसार वेगवान तंतू आधी बारीक होतात आणि पडता पडता सावरायला तेच लागतात, त्यामुळे हा सराव गडापलीकडेही उपयोगाचा. गुडघ्याची जुनी तक्रार किंवा हृदयाचं काही असेल तर आधी तपासून घ्या. आणि रायगडाला काही जण घरच्या मोठ्यांना रोपवेने वर नेतात आणि "आता काय, उतारच आहे" म्हणत पायऱ्यांनी खाली आणतात. दम पुरत असेल तर तुम्ही उलट करा: थांबत थांबत आईंना चढू द्या, आणि खाली येताना रोपवे घ्या.